किडनी ट्रान्सप्लांटनंतर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून काय काय करायचं

ट्रान्सप्लांटची तारीख ठरली की घरचे सगळे इन्फेक्शन आणि रिजेक्शन (शरीराने नवीन किडनी नाकारणं) ह्या दोन शब्दांच्या मागे लागतात, मास्क, सॅनिटायझर, वेगळी खोली, उकळलेलं पाणी, सगळी तयारी होते, आणि क्लॉट म्हणजे रक्ताची गुठळी हा विषय कोणाच्या डोक्यातच नसतो. मी स्वतः ट्रान्सप्लांट झालेला पेशंट आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे तुम्ही कुठली गोळी किती घ्यायची हे मी सांगणार नाही, ते तुमच्या नेफ्रोलॉजिस्टचं काम. पण ओपीडीच्या बाकावर नवीन लोक जे विचारतात ते सगळं एका जागी असावं म्हणून हे लिहितोय. माझं मत आधीच सांगून टाकतो: डायलिसिसवर असताना आपल्याला जे शिकवलेलं असतं त्यातलं बरंच आता उलटं करायचं असतं, आणि गुठळी टाळणं हे कुठल्या गोळीपेक्षा त्या जुन्या सवयी मोडण्यावर जास्त अवलंबून आहे.

आधी गुठळी होते कुठे ते बघू. नवीन किडनी पाठीमागे बसवत नाहीत, ती पुढे ओटीपोटात, बहुतेक वेळा उजव्या बाजूला बसवतात आणि जुन्या दोन्ही किडन्या सहसा आहेत तिथेच राहतात. नवीन किडनीची धमनी आणि शीर तुमच्या पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांना शिवतात. रक्तवाहिनी अशी शिवायची की शिवणीत रक्त गोठणार नाही, हे तंत्र अलेक्सी कॅरेल ह्या फ्रेंच सर्जनने बसवलं, १९१२ चं नोबेल त्यालाच मिळालं. तर पहिली जागा म्हणजे ही शिवण, किडनीची स्वतःची धमनी किंवा शीर. दुसरी जागा पायाची खोल शीर, ज्याला डॉक्टर डीव्हीटी म्हणतात, आणि तिथली गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. तिसरी जागा हातातला फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडून केलेली जागा. तिन्हीची लक्षणं वेगळी, वेळ वेगळी, म्हणून एकच नियम सगळीकडे चालत नाही.

पायरी १: ऑपरेशनच्या आधी सगळं खरं सांगा

प्री-ट्रान्सप्लांट तपासणीत इतके कागद भरायचे असतात की माणूस कंटाळून सगळीकडे ‘नाही’ लिहून मोकळा होतो. तसं करू नका. ह्या गोष्टी स्वतःहून सांगायच्या: आधी कधी पाय सुजून गुठळी झाली होती का, घरात कमी वयात कोणाला लकवा, फुप्फुसातली गुठळी असं काही झालंय का, फिस्टुला परत परत बंद पडलाय का, मानेतला कॅथेटर वारंवार ब्लॉक व्हायचा का, बाईचे गर्भपात वारंवार झालेत का. शेवटचा प्रश्न लोकांना विचित्र वाटतो, पण अँटिफॉस्फोलिपिड नावाच्या दोषात गर्भपात आणि गुठळ्या एकत्र सापडतात, ल्युपसच्या पेशंटमध्ये विशेष. सांगितलं की डॉक्टर त्याची रक्ततपासणी आधीच करून घेतात आणि ऑपरेशनच्या वेळेचा प्लॅन ठरवतात.

तुमची किडनी कशामुळे गेली हे पण महत्त्वाचं आहे. ज्यांच्या लघवीतून भरपूर प्रोटीन जायचं, एफएसजीएस किंवा मेम्ब्रेनस वगैरे किडनीच्या चाळणीचे आजार, त्यांच्या लघवीतून रक्त गोठू न देणारी प्रोटीन्सही वाहून जातात, म्हणून त्यांच्यात धोका जास्त. एफएसजीएस तर नवीन किडनीत परत येऊ शकतो. जाड शरीर, वय, डायबेटीस, सिगारेट ही नेहमीची यादी आहेच. सिगारेट, बिडी आधीच बंद करा, ‘ऑपरेशन झालं की सोडतो’ हे चालत नाही.

आणि अजून एक, जुन्या किडनीतून अजून थोडी लघवी होत असेल तर रोज अंदाजे किती होते ते मोजून सांगा. कारण पुढच्या पायरीत कळेल.

पायरी २: पहिले काही दिवस, लघवीच्या पिशवीवर नजर

किडनीच्या स्वतःच्या रक्तवाहिनीत गुठळी होणं तसं कमी आहे, वेगवेगळ्या सेंटरचे आकडे अर्ध्या टक्क्यापासून सहा टक्क्यांपर्यंत असतात. पण झाली तर बहुतेक पहिल्या दोन आठवड्यांत, त्यातही पहिल्या दोन दिवसांत जास्त, आणि तेव्हा घड्याळ फार वेगाने पळतं, कारण ह्या किडनीला रक्ताचा दुसरा रस्ता नाही. एका तासातच नुकसान व्हायला लागतं. म्हणून आयसीयूतल्या सिस्टर दर तासाला लघवी मोजून लिहितात, तो निव्वळ कागदी सोपस्कार नाही.

शुद्धीवर आलात की हे लक्षात ठेवा. चांगली चालू असलेली लघवी अचानक एकदम कमी झाली किंवा थांबली तर लगेच सिस्टरला हाक मारा. शिरेत गुठळी झाली असेल तर किडनी फुगते, त्या जागी दुखतं, लघवी लालभडक होते. धमनीत झाली असेल तर काही दुखत नाही, फक्त लघवी बंद. हे दुसरं जास्त फसवं. सिस्टर आधी नळी कुठे वाकली आहे का, कॅथेटरमध्ये रक्ताचा गोळा अडकलाय का ते बघेल, आणि बऱ्याच वेळा कारण तेवढंच निघतं, फ्लश केलं की लघवी चालू. तसं नसेल तर डॉपलर सोनोग्राफी करतात, त्यात किडनीत रक्त जातंय-येतंय का ते दिसतं. म्हणून रोज मशीन घेऊन कोणी पोटावर जेल लावायला आलं तर घाबरायचं नाही आणि वैतागायचंही नाही.

आता जुन्या किडनीच्या लघवीचं. रोज अर्धा लिटर लघवी होणाऱ्या पेशंटची नवीन किडनी बंद पडली तरी पिशवीत थोडी लघवी येत राहते आणि सगळ्यांना वाटतं चालू आहे. ती माहिती फाइलवर असली की डॉक्टर फसत नाहीत. उलट मेंदूमृत डोनरची किडनी असेल, झेडटीसीसीच्या (अवयव वाटपाचं विभागीय केंद्र) यादीतून मिळालेली, तर ती काही दिवस ‘झोपलेली’ असू शकते, लघवी कमी, मधे डायलिसिसही लागतं. म्हणजे लघवी कमी म्हणजे गुठळीच असं नाही. फरक डॉपलरने कळतो, नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही.

बीपीचंही तसंच. डायलिसिसच्या काळात बीपी खाली आणायच्या मागे आपण लागलेले असतो, पण नवीन किडनीला सुरुवातीला नीट दाबाने रक्त लागतं. बीपी फार कमी झालं की रक्त मंद वाहतं आणि शिवणीजवळ गोठायला संधी मिळते. त्यामुळे बीपीची जुनी गोळी घरून आणलेली आहे म्हणून स्वतःच्या मनाने तोंडात टाकू नका.

पायरी ३: उठा, बसा, चाला

आपल्याकडे ऑपरेशन म्हणजे आराम असं डोक्यात पक्कं बसलंय. भेटायला येणारी प्रत्येक मावशी सांगते ‘उठू नको हं, टाके आहेत.’ मावशीला नमस्कार करा आणि फिजिओथेरपिस्टचं ऐका. बहुतेक ठिकाणी दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसवतात, मग पलंगाभोवती चालवतात, मग कॉरिडॉरमध्ये. पोटरीचे स्नायू हलले की पायातलं रक्त वर ढकललं जातं, नुसतं पडून राहिलं की ते साचतं. उठता येत नसेल तेव्हा पलंगावर पडल्यापडल्या पाऊल वर-खाली करायचं, जागे असाल तेव्हा दर तासाला दहा-पंधरा वेळा. पाय दुमडून, गुडघ्याखाली जाड उशी ठेवून तासन्‌तास पडू नका.

पायाला घट्ट पांढरे मोजे घालतात किंवा हवा भरणारा पंप लावतात, तो पोटऱ्या दाबतो-सोडतो. मोज्यांना गुंडाळी पडू द्यायची नाही, गुंडाळी पडली की तिथेच आवळतं. डायबेटीसवाल्यांनी, ज्यांना पायाला रक्त कमी जातं असं सांगितलंय त्यांनी मोजे घालायच्या आधी विचारायचं आणि रोज काढून कातडी बघायची.

काहींना पोटावर बारीक सुईचं हेपरिनचं इंजेक्शन देतात, काहींना देत नाहीत. शेजारच्या बेडवाल्याला दिलं आणि मला नाही म्हणून भांडू नका. ताज्या ऑपरेशनमध्ये रक्त पातळ केलं की किडनीभोवती रक्तस्राव होऊ शकतो, मग परत थिएटर. कोणाला द्यायचं हा हिशोब प्रत्येकाचा वेगळा. इंजेक्शनच्या जागी निळा डाग पडतो, तो चोळायचा नाही, आपोआप जातो.

पायरी ४: पाणी

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात म्हणून जरा सविस्तर लिहितो. वर्षानुवर्षं आपण दिवसाला एक लिटरवर काढलेली असतात, बर्फाचा तुकडा चघळायचा, गुळण्या करून थुंकायचं, डाळीतलं पाणी पण मोजायचं. आणि एका रात्रीत डॉक्टर सांगतात अडीच-तीन लिटर प्या. मेंदू ऐकत नाही. ग्लास हातात घेतला की छातीत पाणी भरेल ही भीती येते, घरचे पण सवयीने ‘पुरे आता’ म्हणतात. पण नवीन किडनी भरपूर लघवी काढतेय आणि तुम्ही जुन्याच हिशोबाने पिताय, तर शरीर कोरडं पडतं, रक्त दाट होतं, बीपी खाली येतं, क्रिएटिनिन (किडनी किती चालते ते दाखवणारा रक्तातला आकडा) वर जातं आणि गुठळीला वाट मोकळी होते.

तुमचा आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या, कारण हृदय कमजोर असेल किंवा लघवी अजून कमी असेल तर तो वेगळा असतो. मग पद्धत सोपी आहे, एक लिटरच्या बाटल्या भरून समोर ठेवायच्या, मोजमापाच्या भांड्यात लघवी करायची, वहीत दोन रकाने: आत किती, बाहेर किती. सोबत रोज सकाळी वजन. वजन एका दिवसात किलोभर कमी दिसलं तर बहुतेक वेळा पाणी कमी पडलंय. ताक, शहाळं हे पोटॅशियम बघून, टॅक्रोलिमसने (रिजेक्शन टाळायची गोळी) पोटॅशियम वाढतं त्यामुळे शहाळ्याची बंदी लगेच उठत नाही. साधं पाणी बेस्ट.

विदर्भ-मराठवाड्यातल्या मंडळींनी एप्रिल-मे मध्ये विशेष सांभाळा. आणि उपास: आषाढी असो, हरतालिका असो, रोजे असोत, बिनपाण्याचा उपास पहिलं वर्ष तरी मनातसुद्धा आणू नका, नंतरही विचारूनच.

जुलाब-उलट्या लागल्या तर तो ‘पोट बिघडलंय, दोन दिवसांत बरं होईल’ प्रकार आपल्यासाठी नाही. पाणी जातं हे एक, शिवाय जुलाबात टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी चढते, ती किडनीच्या रक्तवाहिन्या आवळते. त्याच दिवशी फोन करा, लघवीची किंवा बीपीची गोळी चालू असेल तर ती घ्यायची की थांबवायची ते विचारा.

पायरी ५: रक्त पातळ करायच्या गोळ्या

सगळ्यांना लागत नाहीत. इकोस्प्रिन ७५, म्हणजे कमी डोसचं ॲस्पिरिन, काही सेंटर देतात, काही देत नाहीत. शेजारचे काका हार्टसाठी घेतात म्हणून आपण चालू करायची नाही, आणि दिलेली असेल तर ॲसिडिटी होते म्हणून बंदही करायची नाही. ॲस्पिरिन पायाच्या गुठळीपेक्षा धमनीच्या बाजूला जास्त उपयोगी, म्हणून ‘इकोस्प्रिन चालू आहे, आता चालायची गरज नाही’ हा समज काढून टाका.

खरंच गुठळी झाली असेल किंवा धोका फार असेल तर ॲसिट्रॉम किंवा वॉरफेरिन देतात, किंवा नवीन पिढीतली अपिक्साबॅनसारखी गोळी. डीव्हीटीला सहसा कमीत कमी तीन महिने. ॲसिट्रॉम-वॉरफेरिनवर असाल तर आयएनआर नावाची तपासणी, रक्त किती पातळ झालंय ते त्यात कळतं, आकडा वाढला की रक्त जास्त पातळ, ती बहुतेकांना २ ते ३ च्या मधे ठेवतात. खरी डोकेदुखी आहे ती बाकीच्या औषधांची:

आपल्या सगळ्यांना ट्रान्सप्लांटनंतर काही महिने सेप्ट्रान (इन्फेक्शन टाळायची गोळी) देतात, ते आयएनआर वाढवतं. तोंडात पांढरं आलं म्हणून फ्लुकोनाझोल दिलं, ते आयएनआर पण वाढवतं आणि टॅक्रोलिमस पण. जुलाबाला मेट्रोनिडाझोल, तेही वाढवतं. टीबी निघाला आणि रिफॅम्पिसिन चालू झालं की दोन्ही धाडकन खाली, म्हणजे इकडे गुठळी तिकडे रिजेक्शन. म्हणून गावातल्या फॅमिली डॉक्टरांनी प्रेमाने दिलेली साधी अँटिबायोटिक सुद्धा नेफ्रोला फोन केल्याशिवाय घ्यायची नाही. कॉम्बिफ्लाम, डायक्लोफिनॅक तर कधीच नाही, किडनीला वाईट आणि रक्तस्रावालाही निमंत्रण. दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही विचारून. लसणाच्या कॅप्सूल, काढे, ‘रक्तशुद्धी’ची पुडी हे सगळं बंद. पपनस आणि चकोतरा पण नाही, टॅक्रोलिमस चढतं.

भाजीबद्दल एक गंमत आहे. डायलिसिसला पालेभाजी बंद असते, त्यामुळे ट्रान्सप्लांट झाल्यावर माणूस पालक-मेथीवर तुटून पडतो. ॲसिट्रॉमवर असाल तर हे उपयोगाचं नाही, पालेभाजीतल्या व्हिटॅमिन केने आयएनआर उतरतो. भाजी सोडायची नाही, दर आठवड्याला साधारण तेवढीच खायची, म्हणजे डोस त्या हिशोबाने बसतो.

डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी डबल घेऊ नका. हिरड्यांतून रक्त, काळी शी, डोक्याला मार लागणं, ह्यात थांबायचं नाही. आणि डीजे स्टेंट (ऑपरेशनमध्ये लघवीच्या वाटेत ठेवलेली तात्पुरती नळी) काढायच्या किंवा बायोप्सीच्या आधी प्रत्येक वेळी आपण होऊन सांगायचं की मी रक्त पातळ करायची गोळी घेतो. फाइलमध्ये लिहिलेलं असतं, पण फाइल जाडजूड असते.

पायरी ६: घरी आल्यावर रोज बघायच्या जागा

पाय. रोज संध्याकाळी दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी बघा. दोन्ही पाय सारखे सुजले तर कारणं बरीच, पण एकच पाय सुजला, गरम लागला, पोटरी दुखली, तर गुठळीचा संशय घ्यायचा. किडनी ज्या बाजूला बसवली त्या बाजूचा पाय सुजला तर किडनीशेजारी पाणी साचून, ज्याला लिम्फोसील म्हणतात, ते शीर दाबत असेल, सोनोग्राफीत कळतं. काहीही असो, त्या पायाला तेल लावून चोळायचं नाही, रगडायचं नाही, गरम शेक नाही. आपल्याकडे पहिला हात तेलाच्या बाटलीकडे जातो म्हणून मुद्दाम लिहिलं, चोळल्याने गुठळी सुटून वर जाऊ शकते.

छाती. अचानक दम लागला, श्वास घेताना टोचल्यासारखं दुखलं, खोकल्यातून रक्त आलं, चक्कर येऊन पडलात, तर ओपीडीची वेळ बघत बसायचं नाही, १०८ लावा.

फिस्टुला. हात ठेवला की मांजर घुरघुरल्यासारखी थरथर लागते ना, ती रोज सकाळी बघा. ट्रान्सप्लांट झालं, आता त्याचं काय काम असं म्हणून लोक विसरतात. थरथर थांबली तर त्याच दिवशी कळवा, लवकर कळलं तर कधी कधी वाचवता येतो, शिवाय पाणी कमी पडल्याचं किंवा बीपी पडल्याचंही ते लक्षण असू शकतं. त्या हातावर बीपी नाही, सुई नाही, घट्ट बांगड्या नाहीत, उशाखाली हात घेऊन झोपणं नाही.

पायरी ७: प्रवास

कोल्हापूर, नांदेड, जळगावहून मुंबई-पुण्याला येणारे खूप. पहिले काही आठवडे आठवड्यातून दोनदा ओपीडी असते, तेव्हा हॉस्पिटलजवळ खोली घेतलेली बरी, दर वेळी सहा-सात तास गाडीत बसून जाणं नको. नंतर जाताना तास-दीड तासाने गाडी थांबवून पाच मिनिटं चाला. बसल्याजागी टाच-चवडा हलवत राहा. रस्त्यात धड बाथरूम नाही म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत, हा आपल्या रस्त्यांचा दोष आहे पण भोगायला आपल्यालाच लागतं, म्हणून पेट्रोल पंप, हॉटेल आधी ठरवून निघा आणि पाणी प्या.

पायरी ८: काही महिन्यांनी हिमोग्लोबिन बघा

डायलिसिसवर ८-९ हिमोग्लोबिन असायचं, नवीन किडनी स्वतः इरिथ्रोपोएटिन (रक्त वाढवणारं हार्मोन) बनवते आणि ते वाढत जातं, आनंद होतो. पण शंभरात दहा-पंधरा जणांचं ते गरजेपेक्षा वाढतं, साधारण आठ महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या काळात. १७ च्या वर गेलं तर रक्त दाट, डोकं दुखतं, चेहरा लाल, आणि गुठळीचा धोका. लोसार्टन किंवा एनालाप्रिलसारख्या गोळीने उतरतं, कधी थोडं रक्त काढतात. फ्रिजमध्ये उरलेलं इरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन ताकद येईल म्हणून टोचून घेऊ नका, असे महाभाग असतात.

बायकांसाठी अजून एक. गणपती, सत्यनारायण, लग्न आलं की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून सहज मिळतात. त्या गोळ्यांनी आणि इस्ट्रोजेनवाल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी गुठळीचा धोका वाढतो. गर्भनिरोधनाचं डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला, पर्याय आहेत. पाळी पुढे ढकलायची गोळी मात्र घेऊच नका, देवाला चालतं.

डोनरला विसरू नका

माझी डोनर आई होती, आणि बऱ्याच घरात आई नाहीतर बायकोच असते. तिचंही मोठं ऑपरेशन झालेलं असतं, तिलाही पायाची गुठळी होऊ शकते, पण सगळं घर पेशंटच्या पिशवीकडे बघत असतं. ती चार-पाच दिवसांत घरी येते, पोटरी दुखली तर ‘दगदगीने असेल’ म्हणून गप्प बसते. तिला पण चालायला लावा, पाणी द्या, पाय बघा, दम लागतो का विचारा. ऑपरेशनच्या आधी ती हार्मोनच्या गोळ्या घेत असेल तर तेही सर्जनला सांगा, त्या काही आठवडे आधी बंद करतात.

फोन करायची वेळ आली तर कोऑर्डिनेटरला एका दमात हे सांगा: ट्रान्सप्लांटची तारीख, काय होतंय आणि कधीपासून, गेल्या चोवीस तासांत लघवी किती, आजचं वजन, बीपी, ताप, शेवटचं क्रिएटिनिन, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का आणि शेवटची कधी घेतली. हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि ती वही कुठे आहे ते घरातल्या अजून एका माणसाला माहीत असू द्या.